काळी दिसलेली शीर

मे महिना, दुपारचे सव्वाबारा. पारा ४५ वर आणि आमचा चिलर, म्हणजे एमआरआय थंड ठेवणारं यंत्र, सकाळपासून दोनदा ट्रिप झालेला. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी दीड टेस्ला ताकदीच्या चुंबकाच्या एमआरआयवर तंत्रज्ञ म्हणून काम करते. उन्हाळ्यात माझा अर्धा जीव मशीनमध्ये आणि अर्धा गच्चीवरच्या चिलरमध्ये अडकलेला असतो. चिलर बसला की मशीनमधल्या ग्रेडियंट कॉइल, म्हणजे तारांची वेटोळी, तापतात आणि चालू स्कॅन असेल तिथेच थांबतो. त्या दिवशी वॉर्डबॉय चिलरच्या जाळीवर पाण्याचा पाइप धरून उभा होता, तेवढ्यात स्ट्रेचर आलं.

बावीस-तेवीस वर्षांची पोर. पहिलं बाळंतपण, माहेरी आलेली, अकरावा दिवस. एवढ्या उन्हात कानाला फडकं घट्ट बांधलेलं, ओठांवर पापुद्रे. हाक मारली की डोळे उघडायची आणि लगेच मिटायची.

"चार दिसापासून डोकं धरून बसली हाये बाई," तिची आई सांगत होती. "आज पहाटे झटका आला. तवापासून डावा हात उचलत नाई. उद्या बारसं होतं वं माय."

दोन दिवसांपूर्वी दुसरीकडे सीटी झाला होता, तो नॉर्मल. शेजारपाजारच्यांनी बाहेरचं लागलं म्हणून एक दिवस अंगारा लावण्यात घालवला होता. मी सहज विचारलं, "मावशी, पाणी पाजता ना हिले?"

"ओल्या बाळंतिणीले पाणी कमीच देतो ना आमी. पोट सुटते."

तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. बाळंतपणानंतर काही आठवडे रक्त तसंही लवकर गोठतं. त्यात उन्हाळा आणि पाणी तोडलेलं. मेंदूतलं रक्त परत नेणाऱ्या शिरांमध्ये गुठळी होते ती अशाच बायकांना, आणि साधा सीटी त्यात बऱ्याचदा स्वच्छ दिसतो. फॉर्मवर मात्र एवढंच लिहिलेलं: ब्रेन, प्लेन. म्हणजे मेंदूचा साधा स्कॅन.

आधी धातू. मंगळसूत्र काढायचं म्हटल्यावर मावशी कळवळल्या. "नवरा जित्ता हाये तिचा, कसं काढू?" सोनं चुंबकाला चिकटत नाही, पण मणी ओवलेली तार कशाची आहे हे कुणालाच माहीत नसतं, आणि डोक्याच्या कॉइलजवळ ती तार असली की चित्र वाकतं, कधी कधी भाजतंही. शेवटी तिच्या मामांनी ते रुमालात बांधून खिशात ठेवलं. केसांतल्या पिना मी एकेक करून काढल्या, अकरा निघाल्या. पाय सुजल्यामुळे जोडवी काही निघेनात. हातातल्या चुंबकानं तपासली, चांदीचीच होती. बोटांना पट्टी गुंडाळून ती राहू दिली.

ती सारखी मान हलवत होती. भूल द्यायला कुणी नव्हतं, आणि शुद्ध आधीच कमी असताना झोपेचं औषध द्यायला डॉक्टरही तयार नव्हते. मग मावशींच्याही पिना, बांगड्या काढून, त्यांच्या कानांत कापूस घालून त्यांना मशीनच्या पायथ्याशी स्टुलावर बसवलं. लेकीचा घोटा धरून बसा म्हटलं. घोटा धरल्यावर पोर जरा शांत झाली.

आमचा नेहमीचा ब्रेन प्रोटोकॉल पंचवीस मिनिटांचा. हिची पंचवीस मिनिटं मिळणार नाहीत हे दिसत होतं, चिलरचीही खात्री नव्हती. अशा वेळी क्रम बदलायचा असतो. कोणत्याही क्षणी स्कॅन थांबला तरी हातात सगळ्यात महत्त्वाचं आधी आलेलं हवं. हे मला कुणी वर्गात शिकवलं नाही, हललेल्या पेशंटांनी शिकवलं.

पहिलं डिफ्यूजन लावलं. पेशींभोवतीच्या पाण्याची हालचाल जिथे अडते, ती जागा त्यात पांढरी दिसते. पीटर मॅन्सफील्ड यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या इको-प्लॅनर पद्धतीवर ते चालतं. मेंदूचा एकेक छेद, म्हणजे स्लाइस, सेकंदाच्या छोट्या तुकड्यात टिपला जातो, म्हणून पेशंट हलला तरी फार बिघडत नाही. मॅन्सफील्ड यांना २००३ मध्ये पॉल लॉटरबर यांच्यासोबत नोबेल मिळालं. मला तर वाटतं, ते त्यांना या एका मिनिटासाठीच मिळालं. मिनिटभरात उजव्या बाजूला, वरच्या भागात, मधल्या रेषेला लागून ठिपकेदार पांढरा डाग आला. धमनी बंद पडल्यावर मेंदूचा ठरावीक हिस्सा जातो. हा डाग तसल्या कुठल्याच हद्दीत बसत नव्हता.

मग टी-टू हे नेहमीचं दुसरं चित्र घेतलं, आणि इथे मी क्षणभर फसले. कपाळापासून डोक्याच्या मधोमध मागे जाणारी मोठी शीर, सुपिरिअर सॅजिटल सायनस, छान काळी दिसली. टी-टूवर वेगानं वाहणारं रक्त काळंच दिसतं, कारण सिग्नल द्यायच्या आत ते त्या स्लाइसमधून निघून गेलेलं असतं. म्हणजे शीर वाहतेय, शंका फुकट, असं वाटलं.

पण ताजी गुठळीसुद्धा पहिले चार-पाच दिवस टी-टूवर काळीच दिसते. गुठळीतल्या हिमोग्लोबिननं ऑक्सिजन सोडलेला असतो, आणि ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन चुंबकाकडे ओढलं जातं. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी हे १९३६ मध्येच दाखवलं होतं, एमआरआय तेव्हा कुणाच्या मनातही नव्हता. हिचं डोकं दुखायला लागून बरोबर चार दिवस झाले होते.

म्हणून टी-वन हे वेगळ्या प्रकारचं चित्र उभ्या छेदात घेतलं. तिथे तीच शीर राखाडी. वाहतं रक्त असतं तर इथेही काळी दिसायला हवी होती. साकळलेलं रक्त टिपणारा सस्सेप्टिबिलिटीचा लांबलचक सिक्वेन्स तिला झेपणारा नव्हता, तेव्हा त्याच कामाचा साधा ग्रेडियंट इको लावला, स्लाइस जाड ठेवून, दोन मिनिटांत बसेल असा. शीर फुगून डांबरासारखी काळी झाली. तिला येऊन मिळणाऱ्या बारीक शिरा काळ्या दोऱ्यांसारख्या उठल्या, आणि त्या डागाच्या आत थोडं रक्त झिरपलेलं.

नागपूरला बसून आमचे स्कॅन वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्ट मॅडमना फोन लावला. "व्हेनोग्राम घे," त्या लगेच म्हणाल्या. म्हणजे फक्त शिरांचं चित्र. "हलतेय का ती?"

"हलतेय मॅडम. टूडी टाइम ऑफ फ्लाइट लावते."

टाइम ऑफ फ्लाइटमध्ये वाहतं रक्त पांढरं उमटतं. थ्रीडीमध्ये पेशंट एकदा हलला तरी सगळा संच नासतो. टूडीमध्ये स्लाइसमागून स्लाइस येते, हललं तर तेवढ्याच चार-दोन जातात. पण यात स्लाइस प्रवाहाला आडवी यावी लागते. शीर स्लाइसच्या पातळीतच वाहत असेल तर चांगली शीरही बंद असल्यासारखी दिसते. म्हणून स्लाइस कोरोनलमध्ये, म्हणजे या कानापासून त्या कानापर्यंतच्या उभ्या छेदात, किंचित तिरप्या ठेवल्या आणि धमन्यांचा सिग्नल मारायला मानेवर सॅच्युरेशन बँड टाकला. मधे एकदा पोरीनं मान वळवली, पाच-सहा स्लाइस गेल्या. आत मावशी मोठ्यानं म्हणत होत्या, "हालू नको माय, बाळ भाईर वाट पायते." बाळ खरंच बाहेर रडत होतं. शेवटी रक्ताच्या वेगावरून चित्र काढणारा, मिनिटभराचा फेज कॉन्ट्रास्ट घेतला. त्यात अपेक्षित वेग आपल्याला सांगावा लागतो. मशीनमध्ये धमन्यांसाठीचा ७० चा आकडा भरलेला होता, तो सेकंदाला १५ सेंटिमीटरवर आणला. वेग जास्त ठेवला की शिरांमधलं संथ रक्त दिसतच नाही, आणि वाहणारी शीरही बंद म्हणून कळवली जाते.

दोन्ही चित्रांत मधली शीर नव्हती. जिथे जाड पांढरी कमान हवी, तिथे रिकामं.

ती बाहेर आली तेव्हा मावशींनी पहिलं विचारलं, "आता दूध पाजता येईन का? मशीननं बिघडलं तर नसन?" नाही बिघडत, म्हटलं. कसलं इंजेक्शनही दिलं नव्हतं.

मॅडमचा फोन थेट आमच्या फिजिशियन सरांना गेला. रक्त पातळ करायचं औषध द्यायचं ठरलं, तसे मामा बिथरले. डोक्यात रक्त सांडलंय म्हणता आणि वरून पातळ करता? सरांनी त्यांना शांतपणे समजावलं. नाला तुंबला म्हणून पाणी मागं दाटून बांध फुटला, आता नालाच मोकळा करावा लागेल. मामा शेतकरी माणूस. त्यांनी मान हलवली आणि सही केली. त्याच संध्याकाळी हेपॅरिन सुरू झालं. पाणीही.

ऑगस्टमध्ये ती तपासणीला आली, स्वतःच्या पायांनी, कडेवर पोरगं घेऊन. मावशी सोबत. मी काही बोलायच्या आत लेकीच्या गळ्यातला काळा दोरा त्यांनी दाखवला. मणी आणि वाट्या घरी, डब्यात. "तार नाई यात," म्हणाल्या. व्हेनोग्रामवर मधली शीर दिसली, मागच्या बाजूला जराशी खडबडीत, पण आरपार.

आत जाताना मावशींच्या काखेत स्टीलची पाण्याची बाटली होती. ती मी दारातच काढून घेऊन कन्सोलच्या टेबलावर ठेवली. अर्धी संपलेली होती.