पाचवडच्या पुढे बंद पडणारी गाडी

वडिलांची १०० सीसीची, कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोलचे मिश्रण करणारा भाग) असलेली मोटारसायकल मी आजही वाई ते सातारा अशी रोज चालवतो. गेल्या पावसाळ्यात तिला एक दुखणे जडले. सकाळी ती पहिल्या किकला सुरू होई, पण पाचवड सोडून महामार्गाला लागलो की मिसिंग करू लागे, पिकअप जाई आणि चोक ओढल्यावर क्षणभर सावरून अखेर बंद पडे. दहा मिनिटे उभी ठेवली की पुन्हा सुरळीत चाले.

गॅरेजमध्ये प्लग बदलला, कार्बोरेटर उघडून त्यातले जेट, म्हणजे पेट्रोल जाण्याची बारीक छिद्रे, साफ केली. फरक पडला नाही. इंजिन तापल्यावर कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी वीज पुरवणारा भाग) दगा देऊ शकते हे खरे असल्याने मेकॅनिकने आता कॉइल बदलायला सांगितली. मला मात्र चोकचे कोडे सुटत नव्हते. चोकमुळे हवा कमी होऊन मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. तेवढ्याने गाडी सावरत असेल, तर ठिणगीपेक्षा पेट्रोलच कमी पडत असावे, असे मला वाटले.

पुढच्या वेळी गाडी बंद पडताच प्लग काढून, तो इंजिनच्या हेडला टेकवून किक मारली. ठिणगी निळी आणि जोरदार होती, प्लगचे टोक मात्र नेहमीसारखे तपकिरी नव्हे, तर पेट्रोल कमी पडल्यावर होते तसे पांढरट होते. मग इंजिन निवू दिले, कार्बोरेटरच्या खालचा ड्रेन स्क्रू सैल केला आणि नळीखाली बाटली धरली. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक चालू असताना सलग धार यायला हवी होती, पण थेंब थेंबच पडत होते. टाकीचे झाकण उघडले, तर सूं असा आवाज होऊन हवा आत ओढली गेली आणि बाटलीत पडणारी धार एकदम जाड झाली.

पावसाचे पाणी टाकीत जाऊ नये म्हणून झाकणाखाली मी ट्यूबचा रबरी तुकडा बसवून घेतला होता आणि त्यानेच हवेचे छिद्र झाकले गेले होते. पेट्रोल खाली उतरते तेवढी हवा वरून आत शिरली नाही, तर टाकीत दाब घटून प्रवाह अडतो. टाकी भरलेली असताना वरची हवा मुळातच थोडी असल्याने हे लवकर घडते, आणि पूर्ण टाकी भरल्याच्या दिवशीच गाडी जास्त का छळत होती, याचा उलगडा मला तिथेच झाला.

तो तुकडा काढला, क्लच केबलच्या एका तारेने छिद्रातली माती काढली आणि झाकणाचे मूळ पॅकिंग पुन्हा बसवले. आठवड्याने प्लग काढून पाहिला, तेव्हा त्याचे टोक फिकट तपकिरी झाले होते.