डब्याच्या तळाचं जेवण

पाककृती नेहमी साहित्यापासून सुरू होते: हे घ्या, ते घ्या, एवढं घ्या. कपाटातला स्वयंपाक उलट्या टोकाकडून सुरू होतो. दार उघडायचं, काय आहे ते बघायचं आणि त्यातून काय होईल ते ठरवायचं. पोटात भूक, बाहेर जायचा कंटाळा, पाकीटही फारसं उत्साही नाही. आणि कपाटात सापडतं काय, तर रबरबँड लावलेलं पेने पास्ताचं अर्धं पाकीट, मूठभर मॅकरोनी आणि तांदळाचा डबा. हलवल्यावर तो खुळखुळतो, म्हणजे तळ जवळ आलाय.

पास्ता आणि तांदूळ हे दोघेच शेवटपर्यंत का उरतात, याचं कारण साधं आहे. भाज्या सुकून जातात, ब्रेडला बुरशी येते, दूध नासतं. सुक्या पास्तात आणि पांढऱ्या तांदळात पाणीच इतकं कमी असतं की बुरशीला तिथे थारा मिळत नाही. दमट हवा आणि किडे लांब ठेवले, तर घट्ट झाकणाच्या डब्यात दोन्ही वर्षानुवर्षं तग धरतात. (ब्राउन राइसचं तसं नाही. त्याच्या कोंड्यात तेल असतं आणि ते काही महिन्यांत खवट होतं. तब्येतीच्या उत्साहात आणलेली ती पिशवी आधी संपवावी.) शिवाय दोन्ही फुगतात. 100 ग्रॅम तांदळाचा जवळजवळ 300 ग्रॅम भात होतो, पास्ताही दुपटीच्या वर जातो. म्हणजे ताटातलं निम्म्याहून जास्त वजन नळाचं असतं. याहून स्वस्त काय असणार?

पण स्वस्त जेवण फसतं ते स्वस्त आहे म्हणून नव्हे. काटकसर करायची ठरली की माणूस सगळीकडेच हात आखडता घेतो: मीठ बेताचं, कांदा अर्धवट परतलेला, पास्ता घाईघाईत निथळलेला. वास्तविक मीठ आणि वेळ यांनी कुणाचं दिवाळं निघत नाही. जिथे पैसा घालायचा नाही तिथे लक्ष घालावं लागतं, एवढाच काय तो व्यवहार आहे.

इटलीतल्या आल्यो ए ओल्योचं बघा. स्पॅगेटी, तेल, लसूण, मीठ, जमल्यास सुकी लाल मिरची. संपलं. तेल गार असतानाच लसणाचे पातळ काप त्यात सोडायचे आणि आच अगदी मंद ठेवायची. आधी काहीच होत नाही, आणि इथेच अधीर माणूस गॅस मोठा करतो. थोड्या वेळाने कापांच्या कडेने बारीक बुडबुडे धरतात. पांढरा लसूण जरा पारदर्शक होतो, वास सुटतो, मग कडा पिवळसर पडू लागतात. त्या क्षणी पास्ता शिजत असलेल्या पातेल्यातलं डावभर पाणी कढईत घालायचं. चर्र आवाज होतो आणि लसूण जिथल्या तिथे थांबतो. अर्धा मिनिट इकडेतिकडे बघितलंत तर तो तपकिरी होतो आणि सगळं तेल कडू. चीज-मसाल्यांनी सजलेल्या पदार्थात असला कडवटपणा खपून जातो. इथे लपायला जागाच नाही.

ते डावभर पाणी म्हणजे या सगळ्या उद्योगातली खरी पुंजी. पास्ता शिजताना त्यातला स्टार्च पाण्यात उतरतो, म्हणून ते गढूळ दिसतं आणि आपण ते बेलाशक सिंकमध्ये ओतून देतो. तेच पाणी तेलात घालून, वर जेमतेम शिजलेला पास्ता टाकून कढई जोरजोरात हलवली, की तेल आणि पाणी वेगवेगळं राहायचं सोडून देतात. पास्ताच्या अंगाला चकाकणारा, किंचित दाट रस धरतो. लोणी नाही, साय नाही, तरी जिभेला तसा भास होतो.

म्हणूनच भरपूर पाण्याचा नियम मी फारसा मनावर घेत नाही. 100 ग्रॅम पास्ताला एक लिटर पाणी आणि 10 ग्रॅम मीठ, असं इटालियन गणित आहे. खाद्यविज्ञानावर लिहिणारे हॅरल्ड मक्गी यांनी 2009 मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्याला आव्हान दिलं. जवळपास अर्धा किलो पास्ता दीड-दोन लिटर पाण्यात, तोही गार पाण्यापासून सुरुवात करून, नीट शिजतो असं त्यांनी करून बघितलं. सुरुवातीला तो एकमेकांना चिकटू नये म्हणून ढवळत राहावं लागतं, एवढंच. पाणी कमी म्हणजे गॅस कमी, आणि उरलेलं पाणी जास्त दाट. मीठ मात्र त्या मानाने कमी घालायचं. पुढे 2022 मध्ये, युरोपात इंधनाचे भाव कडाडले असताना, नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ जॉर्जो पारिझी यांनी आणखी एक काटकसर सुचवली: उकळत्या पाण्यात पास्ता टाकला की थोड्या वेळाने गॅस बंद करायचा आणि झाकण ठेवून बाकीचं काम त्या उष्णतेवर सोडायचं. त्यावर इटलीतले आचारी खवळले. मला दोन्ही बाजू कळतात. पास्ता शिजतो, यात शंका नाही. पण झाकणाआड काय चाललंय ते दिसत नाही, आणि पास्ताची मुख्य सोय हीच की मध्येच एक नळी उचलून चावून बघता येते.

तांदूळ ही सोय देत नाही. तिथे पाणी आधी मोजायचं, उकळी आली की आच बारीक करायची, झाकण लावायचं आणि हात बांधून बसायचं. सारखं झाकण उघडणाऱ्याच्या हातून वाफ जाते, सारखं ढवळणाऱ्याच्या हातून शितं मोडतात. गॅस बंद केल्यावरची दहा मिनिटंही शिजण्यातच धरायची, कारण तेवढ्यात तळची ओल वरपर्यंत सारखी पसरते. तांदूळ आधी चमचाभर तेलात, कांद्याबरोबर, दाणे कडेने चमकेपर्यंत परतून घेतले तर साध्या पाण्यातसुद्धा भाताला चव येते.

आणि उरला तर बरंच. भात गार होताना त्यातल्या स्टार्चचे रेणू पुन्हा जवळ येतात, शितं घट्ट आणि सुटी होतात. म्हणून परतायला कालचाच भात लागतो. ताजा, वाफाळता भात कढईत टाकला की त्याचा लगदा होतो. कढई खूप तापवायची, भात पसरायचा, थोडा वेळ अजिबात हलवायचा नाही, म्हणजे खालची शितं जरा कुरकुरीत होतात. मग एका कडेला अंडं फोडायचं. एका माणसाचं पोट भरायला यापलीकडे काही लागतं असं मला वाटत नाही.

फक्त काटकसर इथे एका जागी थांबवावी. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते उकळण्यानेही मरत नाहीत. भात ओट्यावर तासन् तास कोमट राहिला तर ते वाढतात, विष तयार करतात, आणि त्यातलं एक विष पुन्हा गरम करून जात नाही. म्हणून भात पसरट भांड्यात काढून तासाभरात फ्रिजमध्ये जायला हवा आणि दुसऱ्या दिवशी संपायला हवा. रात्रभर बाहेर राहिलेल्या भाताबद्दल हळहळू नये, टाकावा.

नुसत्या पास्ता-भातावर दिवस काढणंही बरं नव्हे. धान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडतं, ते डाळी-कडधान्यांत भरपूर असतं. मूठभर चणे किंवा मसूर पडले की पोषणाचा हिशेब बराचसा जुळतो, आणि तेही कपाटातलेच. वरून काहीतरी कुरकुरीत हवं असेल तर शिळ्या ब्रेडचा चुरा तेलात लालसर परतून पास्तावर भुरभुरवावा. दक्षिण इटलीत चीज परवडत नसे तिथे हेच करत, आणि मला तर तो चुरा चीजपेक्षा जास्त आवडतो.

राहिला प्रश्न त्या अर्ध्या-अर्ध्या पाकिटांचा. नेपल्समध्ये दुकानदार खणांच्या तळाशी उरलेला, मोडका, वेगवेगळ्या आकारांचा पास्ता एकत्र करून स्वस्तात विकत. लोक तो बटाट्यात किंवा घेवड्यात दाटसर शिजवत. काही तुकडे मऊ होतात, काही दाताला लागतात, आणि त्यातच गंमत आहे. आता कारखाने असा मिसळलेला पास्ता मुद्दाम तयार करून पाकिटात भरतात. गरिबीची नक्कल एवढी नीटस झालेली बघून हसू येतं, पण घरी तो फुकट तयार होत असताना विकत कशाला आणायचा?

इजिप्तची कुशारी तर याच्याही पुढे जाते. भात, मॅकरोनी आणि मसूर एकाच ताटात, वर चणे, व्हिनेगर घातलेला आंबट टोमॅटोचा रस आणि डार्क तपकिरी होईपर्यंत तळलेला कांदा. कागदावर वाचलं तर कपाट झटकून केल्यासारखं वाटतं. पण कांदा नीट तळला, तर वेगवेगळी शिजवलेली ही सगळी मंडळी एका घासात गुण्यागोविंदाने नांदतात. कांदा तळलेलं तेल भातातच घालायचं, ते फेकायचं नाही. घरात टोमॅटो नसला तर आंबटाला नुसतं व्हिनेगर चालतं. कांदा नसला तर मात्र तो बेत दुसऱ्या दिवसावर ढकलावा.