नाताळ आणि नातारा

पंचवीस डिसेंबरला सकाळी नऊला माझी कांजीची, म्हणजे जपानी चित्राक्षरांची, परीक्षा होती. तीस अक्षरं, एकेकाचे दोन-दोन, तीन-तीन उच्चार, आणि चुकलेलं अक्षर दहा वेळा गिरवायचं. आदल्या रात्री मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मग चहापाणी, मग कपबश्या आणि खुर्च्या आवरता आवरता दीड वाजून जाणार हे दिसत होतं. शिकवणाऱ्या बाईंना मी दोन दिवस आधी, जमेल तितक्या मऊ आवाजात सांगून पाहिलं, की परवा नाताळ आहे. "अरे वा, मजा करा हं!" त्या मनापासून म्हणाल्या. परीक्षा नऊलाच राहिली.

त्यांना दोष कसा देणार? जपानात नाताळची सुट्टी नसतेच. नोव्हेंबरपासून दुकानांत झाडं, घंटा, दिव्यांच्या माळा, लिफ्टमध्येसुद्धा नाताळची गाणी. आणि पंचवीसच्या संध्याकाळी हे सगळं गुंडाळून सव्वीसला दारात नव्या वर्षाची बांबू-पाइनची सजावट उभी. आपल्याकडे अनंत चतुर्दशी झाली तरी मखर चार दिवस कोपऱ्यात रेंगाळतं. इथे रेंगाळणं नाही.

मी वसईचा. सव्वीसाव्या वर्षी आमच्या संस्थेने मला नागासाकीला धाडलं. मी ब्रदर, म्हणजे धर्मबंधू. फादर नाही, त्यामुळे मिस्सा अर्पण करायची नाही, बाकी पडेल ते काम करायचं. 'मिशनरी' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पांढरी दाढी, पांढरा झगा आणि पाठीमागे जंगल असं काहीतरी येतं. माझ्याकडे घडीची छत्री होती आणि ट्रामचा पास. पहिली दोन वर्षं तर भाषा शिकण्यातच जातात. सुवार्ता सांगायला आलेला हा गडी दुकानात मीठ कुठे ठेवलंय ते विचारू शकत नव्हता. दोनदा साखर आणली.

घरी नाताळ आधी नाकाला कळतो. डिसेंबराच्या दुसऱ्या आठवड्यात गल्लीतून सायकल काढली की कुठल्या घरी करंज्या तळतायत, कुठे केक भाजतोय ते बसल्या जागी सांगता यायचं. आम्ही पोरं गोठ्याच्या मागे. गोठा म्हणजे बाळ येशूचा देखावा. त्यासाठी भाताचा पेंढा शेजारच्या वाडीतून आणायचा, आणि दहा दिवस आधी ताटलीत नाचणी पेरून ठेवायची, म्हणजे चोवीसपर्यंत बोटभर हिरवंगार गवत तयार. एका वर्षी आमच्या नाचणीवर शेजारच्यांची कोंबडी तुटून पडली आणि बेथलेहेमात दुष्काळ पडला. आई म्हणाली, खरं बेथलेहेमही असंच कोरडं असेल, राहू दे.

नागासाकीतल्या आमच्या छोट्या चर्चमध्ये गोठा उभा करायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी खूश झालो. तर जपानी गोठा गोठा नसतोच. त्याला म्हणतात 'उमागोया', घोड्यांचा तबेला. गाईची मूर्ती होती, पण मान त्या नावाला. मी पेंढा मागितला तर पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या परिवारातल्या, आजीबाईंनी तो आणून दिला: एका लांबीचा, विंचरल्यासारखा, दोरीने तीन ठिकाणी बांधलेला. तो विस्कटायचं माझ्या जिवावर आलं.

आता कुलकुलांबद्दल, म्हणजे नाताळच्या तळलेल्या गोड खाऊबद्दल. त्या वर्षी ती करायचीच असं मी ठरवलं होतं, कारण दुसरं काही मला येत नव्हतं. मैदा, अंडं, साखर, नारळाचं दूध; सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर दाबून पसरायची आणि अलगद गुंडाळायची, की शिंपल्यासारख्या रेघांची वळी तयार. आमच्या घरी काटे दोनच, म्हणून उरलेल्या पोरांच्या हाती नवा कोरा कंगवा. (नवा. हे आई पाहुण्यांना मुद्दाम सांगायची.) नागासाकीत मी शंभर येनच्या दुकानातून सहा कंगवे घेतले. गल्ल्यावरच्या मुलीने एकवार माझ्या डोक्याकडे पाहिलं. माझं टक्कल तेव्हाच सुरू झालं होतं.

पहिला घाणा तेलात विरघळला. तिथलं पीठ फार हलकं. दुसरा दगड झाला. तिसऱ्याला पॅरिशच्या महिला मंडळातल्या चार आजीबाई बाह्या सावरून पुढे आल्या. एकीने माझ्या हातून कंगवा काढून घेतला, दाते अंगठ्याने चाचपले, एक गोळी दाबली, गुंडाळली आणि ताटात ठेवली. मग दुसरी. पहिलीपासून चाळिसावीपर्यंत सगळी एका मापाची, रेघा सरळ, शेवटचं टोक खाली दडवलेलं. शेजारी माझी कुलकुलं पावसाळी अळ्यांसारखी पडलेली. त्यांनी ती निमूटपणे ताटाच्या मागच्या बाजूला सरकवली.

तेवढ्यात तिथले धर्मगुरू आत आले. सत्तरीचे, कमी बोलणारे. त्यांनी एक कुलकुल चाखलं, हे काय म्हणून विचारलं. मी मोडक्या जपानीत सांगितलं की आमच्या गावी ख्रिसमसला करतात. "तुमच्या गावी ख्रिसमसला काय म्हणतात?"

"नाताळ."

ते चघळायचे थांबले. "पुन्हा म्हणा."

"नाताळ."

मग त्यांनी ओट्यावर सांडलेल्या पिठात बोटाने तीन अक्षरं काढली आणि वाचून दाखवली: ना-ता-रा. जपानात पहिल्यांदा ख्रिस्ती झालेले लोक, ज्यांना 'किरिश्तान' म्हणत, ते ख्रिसमसला 'नातारा' म्हणायचे. जुन्या लिखाणांत तो शब्द सापडतो. हल्ली कोणी वापरत नाही, हल्ली सगळे 'कुरिसुमासु'.

मी त्या पिठाकडे बघत राहिलो. सहा महिन्यांत त्या देशात मला न शिकवता कळलेला तो पहिला शब्द. पोर्तुगीज 'नाताल', ज्या जहाजांनी तो वसईच्या किनाऱ्याला लावला, त्यांच्याच भाऊबंदांनी क्यूशूला, नागासाकीच्या या बेटालाही, नेऊन सोडला. जपानी जिभेला 'ल' जमत नाही, तिने त्याचा 'रा' केला. आपण तर पोर्तुगिजांकडेही नसलेला 'ळ' त्याला चिकटवून टाकला आणि असा काही मुरवला की आता तो शब्द घाटावरचाच वाटतो. त्यानंतर मला खूळच लागलं. आपला पाव, त्यांचा 'पान'. आपला साबण, त्यांचा 'शाबोन', आता फक्त साबणाच्या फुग्यांच्या नावात उरलेला. आपली तंबाखू, त्यांचा 'ताबाको'. आपलं बटण, त्यांचं 'बोतान'. शर्टाचं बटण तुटलं तेव्हा मी शिवणाऱ्या बाईंना चक्क "बटण" म्हणालो आणि त्यांना कळलं. परीक्षेत असं काही विचारत नाहीत.

शब्दाच्या आधी आमच्या गावचा माणूसही येऊन गेला होता, हे मात्र मला लहानपणापासून ठाऊक होतं. गोन्सालो गार्सिया, गासच्या चर्चचा संत. बाप पोर्तुगीज, आई वसईची. पंधरा-सोळाव्या वर्षी जेझुइट संघाच्या पाद्र्यांबरोबर जपानला गेला, भाषा अशी शिकला की लोक ऐकत बसत. जेझुइटांनी त्याला आपल्यात घेतलं नाही म्हणून मकावला जाऊन व्यापार केला, शेवटी मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघाचा ब्रदर झाला, आणि १५९३ मध्ये दुभाषा म्हणून परत जपानात आला. संत वगैरे ठीक, मला त्याच्या जपानीचा हेवा वाटायचा.

नागासाकी स्टेशनपासून पाच मिनिटांवर निशिझाका टेकडी आहे. ५ फेब्रुवारी १५९७ ला तिथे सव्वीस जणांना क्रुसावर चढवलं, त्यांत गोन्सालो. १९६२ मध्ये उभारलेल्या स्मारकावर सव्वीस ब्राँझच्या आकृती एका रांगेत आहेत, पाय खाली लोंबते, जणू जमिनीवरून नुकते उचलले गेलेत. मधल्या काही आकृत्या आखूड, ती मुलं. मी तिथे बऱ्याचदा जायचो, बहुतेक वेळा ट्राम चुकली म्हणून. डिसेंबरात जाणवायचं की गोन्सालोचा शेवटचा नाताळ पहाऱ्यात गेला. १५९६ च्या डिसेंबरात जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमाने मठावर शिपाई बसले, जानेवारीत क्योतोच्या रस्त्यावर कानाचा तुकडा कापला आणि तिथून थंडीत नागासाकीपर्यंत चालवत आणलं. त्या नाताळला त्याला वसईची आठवण झाली असेल का? चरित्रं त्याबद्दल काही सांगत नाहीत. चरित्रकारांना मरणात रस असतो, करंज्यांत नाही.

पुढे १६१४ मध्ये साऱ्या देशात धर्मावर बंदी आली. पाद्री मारले गेले, उरलेले ख्रिस्ती लपले. दोनशेहून जास्त वर्षं एकही फादर नाही, मिस्सा नाही. आणि मग १७ मार्च १८६५ ला, परदेशी लोकांसाठी नव्याने बांधलेल्या ओउराच्या चर्चमध्ये उराकामी गावचे दहा-पंधरा शेतकरी आले. त्यांतली एक बाई फ्रेंच फादर पेतिजाँ यांच्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, आमचं मन तुमच्यासारखंच आहे. सांता मारियाची मूर्ती कुठाय? मूर्तीच्या कडेवर बाळ पाहून त्यांना नाताळच आठवला. हिवाच्या महिन्याच्या पंचवीस तारखेला आम्ही प्रभूच्या जन्माचा सण करतो, ते म्हणाले. तो मध्यरात्री तबेल्यात जन्मला असं आम्हाला सांगितलेलं आहे. तुम्हीही करता का?

फादरला विचारतायत, तुम्हीही करता का!

मला हा प्रश्न चोवीसच्या रात्री वेगळ्या सुरात ऐकायला मिळाला. जपानात नाताळची पूर्वसंध्या ही जोडप्यांनी फिरायला जायची रात्र. त्या दिवशी केंटकीचं चिकन खायचं, तेही आधी नोंदवून. १९७४ च्या जाहिरातीपासून पडलेला रिवाज. वर स्ट्रॉबेरी लावलेला पांढऱ्या क्रीमचा केक. आणि त्यातली काही जोडपी हे सगळं झाल्यावर, बघू तरी म्हणून, चर्चमध्ये येतात. त्यामुळे एरवी पन्नास माणसांचं आमचं चर्च त्या रात्री फुलून गेलं. मी दारात. जुनं लाकडी चर्च, आत जाताना बूट काढायचे, तर येणाऱ्या प्रत्येकाला सपाता, मेणबत्ती आणि गीतांची झेरॉक्स द्यायची. सगळ्यांचे मोजे धड. माझ्या उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर, म्हणून मी तो पाय डाव्याच्या मागे लपवून बगळ्यासारखा उभा.

एका कानात इयरफोन ठेवलेल्या तरुणाने सपाता घेता घेता मला विचारलं, "तुम्ही कुठले?"

"भारतातला."

"भारतातही ख्रिसमस असतो?"

असतो, म्हणालो. त्याच्या मैत्रिणीला ते फारच गोड वाटलं. "करी खाता का त्या दिवशी?" खातो, म्हणालो. खरंच खातो, काय सांगणार.

तिथे शुभेच्छा द्यायची पद्धत 'गो-कोतान ओमेदेतोउ गोझाइमासु', म्हणजे जन्मोत्सवाच्या शुभेच्छा. मी दारात उभा राहून शंभरेक लोकांना मोठ्या उमाळ्याने 'गो-कान्तान ओमेदेतोउ' म्हणालो. कान्तान म्हणजे सोपं. 'सोपेपणाच्या हार्दिक शुभेच्छा!' एकाही माणसाने चूक दाखवली नाही. सगळे कमरेत वाकून आभार मानून आत गेले. दुसऱ्या दिवशी एका आजीबाईंनी, फार आडवळणाने, यावर्षी तुमचा उच्चार नवा होता असं सांगितलं.

मिस्सा सुरू व्हायच्या जरा आधी उराकामीच्या बाजूने घंटा ऐकू आली, की तसं मला वाटलं. आमचं चर्च टेकडीपलीकडे होतं. ९ ऑगस्ट १९४५ ला बॉम्ब पडला तो उराकामीच्या कॅथेड्रलपासून पाचशे मीटरवर. सुमारे बारा हजार पॅरिशवासीयांपैकी साडेआठ हजार गेले. मनोरे कोसळले, दोनपैकी एक घंटा फुटली. दुसरी ढिगाऱ्याखाली शाबूत सापडली. डॉक्टर नागाई ताकाशी, ज्यांची बायको त्या दिवशी घरातच जळाली, आणि त्यांच्यासोबतच्या लोकांनी ती खणून काढली, लाकडांच्या तिकाटण्याला टांगली आणि त्याच वर्षी चोवीस डिसेंबरला वाजवली. आमच्या आजीबाईंपैकी सगळ्यांत थोरल्या, कंगव्यावर हात बसलेल्या, तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. त्यांनी मला एवढंच सांगितलं, की त्या दिवशी थंडी फार होती.

मिस्सा संपल्यावर कुलकुलांच्या बश्या फिरल्या. लोकांनी चिमटीत धरून आधी ती नीट न्याहाळली, शिंपला म्हणून वाखाणली, मग खाल्ली. त्या थोरल्या आजींनी दोन उचलली: एक तोंडात टाकलं, दुसरं रुमालात बांधून पर्समध्ये ठेवलं. "घरी फोटोपुढे," म्हणाल्या. नवरा वारल्याला चार वर्षं झाली होती. रुमालात गेलेलं मी केलेलं होतं, अळीसारखं. मी बदलून देऊ का विचारलं तर त्यांनी पर्सची चेन लावली.

बारा वाजता मी मागच्या पायऱ्यांवर बसून घरी फोन लावला. आमच्यात साडेतीन तासांचं अंतर. माझी मध्यरात्र, त्यांचे साडेआठ. आई अजून तळतच होती, कढईचा आवाज येत होता.

"जेवलास का?"

"हो. केंटकीचं चिकन."

"म्हणजे उपाशी."

मी घाईघाईने तिला नाताराची गोष्ट सांगितली. पिठात काढलेली अक्षरं, पोर्तुगीज, जुने किरिश्तान, सगळं. ती ऐकत होती, मधेच झारा आपटत होती.

"मग सरळ नाताळ म्हणायला काय झालं त्यांना?" ती म्हणाली.

मी 'ळ' समजावून सांगायला लागलो, पण तेवढ्यात तिकडे काहीतरी करपलं आणि फोन बाबांकडे गेला. बाबांनी दर वेळचा प्रश्न विचारला, तिकडे किती वाजले.

"बारा वाजून दहा मिनिटं."

"म्हणजे तुझा लागला की नाताळ," बाबा म्हणाले. "आमचा यायचाय अजून."