कचेरीतला मुत्सद्दी

वर्तमानपत्रात ‘भारतीय मुत्सद्द्यांची बैठक’ असे वाचले की डोळ्यांपुढे परराष्ट्र खात्यातला, प्रत्येक शब्द तोलून बोलणारा अधिकारी उभा राहतो. हा शब्द मुळात मात्र दफ्तरातला आहे. अरबीत ‘मुतसद्दी’ म्हणजे एखादे काम अंगावर घेणारा. फारसी राजव्यवहारातून तो हिंदुस्थानात आला तो हिशेब, नोंदी आणि वसुली पाहणाऱ्या अंमलदाराचे नाव म्हणून. मोगल काळात सुरत बंदराच्या मुख्य अधिकाऱ्याला मुतसद्दी म्हणत आणि जकातीसकट बंदराचा कारभार त्याच्या हाती असे. मारवाडात राज्यकारभार सांभाळणारा वर्गच मुत्सद्दी म्हणून ओळखला जाई. (उत्तरेकडचे मुसद्दीलाल हे नाव याच कुळातले.)

गंमत अशी की फारसी ‘कारकून’ या शब्दाचा अर्थही ‘काम करणारा’ असाच आहे. एवढ्या जवळच्या अर्थाचे दोन शब्द मराठीत आले. त्यांतला एक खर्डेघाशीतच राहिला आणि दुसरा थेट राजकारणात जाऊन बसला. मला यात फारसे आश्चर्य वाटत नाही, कारण पेशवाईतले परराज्यांशी असलेले संबंध मुख्यतः लेखणीवर चालत. दिल्लीत हिंगणे किंवा निजामाच्या दरबारी गोविंदराव काळे यांच्यासारखे वकील पुण्याला सतत पत्रे पाठवीत, आणि तहाला बसायचे तर कोणत्या महालाचे, म्हणजे वसुलीच्या मुलखाचे, उत्पन्न किती आणि कोणाकडे किती बाकी थकली आहे, हे तोंडपाठ असलेला माणूसच उपयोगाचा ठरे.

बाळाजी जनार्दन भानू, म्हणजेच नाना फडणीस, हे याचे सर्वांत मोठे उदाहरण. ज्या ‘फडणीस’ पदाने आपण त्यांना ओळखतो, ते मुळात हिशेबाच्या फर्दा लिहिणाऱ्याचे पद. मराठे आणि इंग्रज यांच्यातला सालबाईचा तह महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने मे १७८२ मध्ये ठरला. पण इंग्रजांशी लढत असलेल्या हैदर अलीशी पुण्याचे सख्य होते, आणि ते हाताशी असेतोवर इंग्रजांकडून आणखी काही पदरात पडेल या हिशेबाने नानांनी मान्यता कित्येक महिने लांबवली. डिसेंबरात हैदर वारला, तो डाव संपला आणि फेब्रुवारी १७८३ मध्ये तह पक्का झाला. नुसते मिठास बोलणे म्हणजे मुत्सद्देगिरी, असे समजणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर पाहावे. इथे सारे कौशल्य केव्हा होकार द्यायचा यात होते.

आजच्या बोलण्यात ‘तो मोठा मुत्सद्दी आहे’ हे कौतुक असते, पण त्यात ‘याच्या पोटात काय आहे ते कळत नाही’ अशी सावध छटाही असते, आणि ‘मुत्सद्देगिरी’ म्हटले की ती थोडी गडद होते. पाठ्यपुस्तकांतून ‘राजनय’ हा नेटका संस्कृत शब्द आला आहे आणि शास्त्राचे नाव म्हणून तो चांगलाच आहे. मात्र घरातल्या वाटणीच्या वादात दोन्ही भावांना ‘आपलेच म्हणणे मान्य झाले’ असे वाटायला लावणाऱ्या मामाला कोणीही ‘राजनयिक’ म्हणत नाही.