एक ओळ की दोन ओळी

एका जुन्या जावा अ‍ॅप्लिकेशनची देखभाल सध्या माझ्या गळ्यात आहे. नुसते सर्व्हलेट (सर्व्हरवर आलेली रिक्वेस्ट हाताळणारा जावा कोड) आणि जेएसपी (पान छापणाऱ्या फाइली), मध्ये फ्रेमवर्क वगैरे काही नाही. हातात आल्या आल्या पहिली तक्रार: नोंदणी दोनदा होते. डेटाबेसमध्ये बघितलं तर खरंच, त्याच माणसाच्या दोन नोंदी, काही सेकंदांच्या फरकाने.

कोड साधा होता. फॉर्म पोस्ट होतो, म्हणजे भरलेली माहिती सर्व्हरकडे जाते, सर्व्हलेट नोंद करतो आणि रिक्वेस्टडिस्पॅचर या जावाच्या सोयीने 'नोंदणी झाली'च्या जेएसपीकडे फॉरवर्ड करतो. आता फॉरवर्ड म्हणजे सगळा मामला सर्व्हरच्या पोटातल्या पोटात. ब्राउझरला त्याचा पत्ताच नसतो, त्यामुळे अ‍ॅड्रेस बारमध्येही जुनाच पत्ता राहतो. माणसाने रिफ्रेश दाबलं की शेवटची रिक्वेस्ट, म्हणजे तो पोस्टच, पुन्हा जातो. ब्राउझर आधी 'पुन्हा पाठवू का?' असं विचारतो खरा, पण ती चौकट वाचतं कोण?

ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडला; तिथे प्रत्येक रिक्वेस्टची एक ओळ दिसते. एकच ओळ: पोस्ट, 200, म्हणजे सगळं ठीक. तिथे दोन ओळी हव्या होत्या. फॉरवर्डच्या जागी सेंडरीडायरेक्ट घातलं, म्हणजे ब्राउझरलाच 'आता या पत्त्यावर जा' असं सांगायचं. लगेच 404, पान सापडलं नाही. फॉरवर्डमधला सुरुवातीचा स्लॅश अ‍ॅप्लिकेशनच्या मुळापासून मोजला जातो, रीडायरेक्टमधला सर्व्हरच्या मुळापासून. मी काँटेक्स्ट पाथ, म्हणजे पत्त्यातला आमच्या अ‍ॅप्लिकेशनचा भाग, जोडायला विसरले होते. तो जोडल्यावर मात्र हव्या तशा ओळी आल्या: पोस्ट, 302 (दुसरीकडे जा) आणि खाली गेट (नुसतं पान मागणारी रिक्वेस्ट), 200. आता कितीही रिफ्रेश करा, फक्त गेट जातो. (खरं तर या कामासाठी एचटीटीपी 1.1 मध्ये, म्हणजे ब्राउझर-सर्व्हरच्या बोलण्याच्या नियमांत, 303 हा वेगळा कोड आहे. 302 वर ब्राउझर पोस्टचा गेट करतात ती त्यांची जुनी सवय, आणि आमचं अ‍ॅप्लिकेशन त्या सवयीच्या भरवशावर चाललंय.)

दुसऱ्याच दिवशी फोन: "नोंदणी क्रमांक दिसत नाही." दिसणार कसा? तो रिक्वेस्टच्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये, म्हणजे त्या एका रिक्वेस्टपुरत्या जागेत, ठेवलेला, आणि रीडायरेक्टनंतर येते ती कोरी करकरीत नवी रिक्वेस्ट. मग सेशनमध्ये, म्हणजे सर्व्हरवर त्या माणसाच्या नावाने असलेल्या तात्पुरत्या जागेत, ठेवला, दाखवून झाला की पुसला. एकीने दोन टॅबमध्ये दोन फॉर्म भरले आणि क्रमांकांची अदलाबदल झाली. शेवटी क्रमांक सरळ यूआरएलमध्ये टाकला आणि पान डेटाबेसमधून वाचायला लावलं. अर्थात ती नोंद बघणाऱ्याचीच आहे ना, ही तपासणी ठेवून. नाहीतर क्रमांक बदलून कोणीही कोणाचंही बघेल.

सगळ्यात छळलं ते यादीच्या पानाने. माझ्या मशीनवर ठणठणीत, लाइव्हवर मध्येच इल्लीगलस्टेटएक्सेप्शन ही जावाची एरर. तेही काही जणांनाच. मी दोन दिवस ब्राउझर आणि लॉगिन बदलून बघत बसले. कारण निघालं भलतंच. त्या जेएसपीत आधी यादी छापली जायची आणि शेवटी एका अटीवर दुसऱ्या पानाकडे फॉरवर्ड व्हायचं. जेएसपी छापलेलं आधी बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या जागेत, साठवते; तो, काही वेगळं सांगितलं नसेल तर, 8 केबीचा. यादी त्यात मावली तर फॉरवर्ड आधीचं छापलेलं गुपचूप पुसून टाकतं आणि कोणाला काही कळत नाही. यादी मोठी झाली की बफर भरून ब्राउझरकडे रिकामा होतो, आणि एकदा हातातून सुटलेलं परत कसं घेणार? माझ्याकडे चाचणीच्या दहा नोंदी होत्या, म्हणून माझं पान निरोगी. आधीच्या कोणीतरी दुसऱ्या एका पानावर याच दुखण्यासाठी बफर 64 केबी करून ठेवला होता. मी अट उचलून सर्व्हलेटमध्ये नेली: कुठे जायचं ते आधी ठरवायचं, छपाई नंतर.

हे झाल्यावर सगळीकडचं सेंडरीडायरेक्ट शोधायला घेतलं, आणि एका ठिकाणी हात थांबला. लॉगिन नसेल तर लॉगिनच्या पानाकडे रीडायरेक्ट, आणि त्याच्या खालच्या ओळीवर नोंद डिलीट. मध्ये रिटर्न, म्हणजे 'इथेच थांब' सांगणारी ओळ, नाही. सेंडरीडायरेक्ट म्हणजे नुसती एक मेथड; ती स्टेटस आणि लोकेशन हेडर लावते, पण खालचा कोड थांबवत नाही.

लॉगआउट करून ती रिक्वेस्ट पाठवली. नेटवर्क टॅबमध्ये दोन ओळी, अगदी शिस्तीत: 302, मग लॉगिनचं पान, 200. डेटाबेसमधून नोंद गेलेली. असे रिटर्न एकूण सहा ठिकाणी घालावे लागले.