सात नंबरचा कागद

बँकेत पेन्शनच्या टेबलवर मला चौदा वर्षं झाली. नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्यांची गर्दी. जिना चढून धापा टाकणारी माणसं, अन् अंगठा न उठणाऱ्या बाया. जन्मभर भांडी घासून, गोवऱ्या थापून बोटांच्या रेषाच पुसलेल्या असतात.

हवालदार साहेब मानेवाड्याहून यायचे. ऐंशीच्या पुढच्यांना ऑक्टोबरमध्येच दाखला देता येतो, हे आमच्या नव्या पोरांना माहीत नसतं, त्यांना होतं. दरवर्षी काकू सोबत. काकूंचं काहीच काम नसायचं. एकदा मी विचारलं, "यांना कशाला त्रास देता?"

"माह्या मागं तिलेच यायचं आहे, मॅडम. रस्ता अन् तुमचा चेहरा पाठ होऊ द्या."

ते लष्कराच्या १४ गार्ड्स पलटणीचे. ३ डिसेंबर १९७१ च्या रात्री गंगासागरला होते, आगरतळ्याजवळ. लान्स नाईक अल्बर्ट एक्कांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं ती लढाई. मी खोदून विचारलं तेव्हा एवढंच बोलले, "दोन्हीकडं दलदल होती. रेल्वेच्या भरावाच्या कडेनं गेलो. आमचे लई गेले." मग काकूंना म्हणाले, "पाणी पी." विषय संपला.

गेल्या महिन्यात काकू फाईल घेऊन एकट्या आल्या. नातू खाली गाडी लावत होता.

अशी फाईल मी या टेबलवर पाहिली नव्हती. प्रत्येक कागदावर लाल पेन्सिलीनं नंबर. पहिल्या पानावर ठळक मराठीत यादी. एक प्लास्टिकचा कप्पा रिकामा सोडलेला, त्यात चिठ्ठी: 'माझा मृत्यूचा दाखला इथं लावणे.' काकूंनी दाखला त्याच कप्प्यात घातला होता, चिठ्ठी न काढता. शेवटच्या चिठ्ठीवर एक तारीख: 'या दिवशी तुला ८० पूर्ण. पेन्शन २० टक्के वाढते. आपोआप नाही वाढली तर मॅडमना विचार.'

बाहेरच्यांना वाटतं, नवरा गेला की बायकोला पेन्शन सुरू होतेच. सगळं अडतं ते पीपीओवरच्या, म्हणजे पेन्शनच्या मंजुरी आदेशावरच्या, एका ओळीत, बायकोच्या नावाच्या. जवानाचं लग्न पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे लष्कराच्या नोंदीच्या आदेशात, नोंदलं जातं. तेव्हाच्या कारकुनानं माहेरचं नाव लिहिलं असेल, तर पन्नास वर्षांनी आधार कार्डावरची बाई आमच्या लेखी परकी. नावाच्या पायी वर्ष-वर्ष खेटे घातलेल्या बाया मी पाहिल्यात. आता सगळं 'स्पर्श' या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन पोर्टलवर गेलंय. ते करणाऱ्यांनी या बाया डोळ्यांसमोर ठेवलेल्या दिसत नाहीत.

काकूंचंही माहेरचंच नाव होतं. साहेबांनी ते जिवंतपणी दुरुस्त करून घेतलं. अकरा नंबरला सुधारित पीपीओची प्रत, अगदी चोख.

सात नंबरला आमच्याच शाखेचा मेमो, २०१४ चा. 'जोडीच्या फोटोवर साक्षांकन नाही. अर्ज परत.' खाली माझी सही.

साक्षांकन करणारे साहेब माझ्यापासून दोन टेबलांवर बसायचे. उठून सही घेतली असती तर पाच मिनिटांचं काम. मी शिक्का मारून परत दिला. मेमोला मागे टाचलेली कामठीच्या लष्करी रेकॉर्ड ऑफिसची पोच पाहिली, तेव्हा कळलं की त्यासाठी हवालदार साहेबांना पुन्हा तिकडं जावं लागलं. त्यानंतर दरवर्षी माझ्यासमोर बसले, पण एका शब्दानं बोलले नाहीत. कागद मात्र जपून ठेवला, नंबर घालून.

काकूंना वाचता येत नाही. सही तेवढी साहेबांनी शिकवली होती. त्या सही करत होत्या, एकेक अक्षर थांबून, आणि मी सात नंबर हातात धरून होते.

"काही कमी आहे का, मॅडम?"

"नाही काकू. सगळं आहे."

सामाईक खातं असल्यामुळे साहेबांचं नाव कमी करून नवं पासबुक द्यावं लागतं. जुन्यावर रद्दचा शिक्का बसतो. तो मी शेवटच्या कोऱ्या पानावर मारला आणि दोघांच्या नावांचं पहिलं पान तसंच ठेवून पासबुक त्यांना परत दिलं. सात नंबर फाईलमध्ये होता तिथेच लावला.