तुम्ही विचारलंत म्हणून : आमच्या वर्गात आदिवासी मूलच नाही, मग?

प्रशिक्षणात चहाच्या सुट्टीत कुणीतरी हमखास गाठतं. "मॅडम, आमच्या कोल्हापूरच्या शाळेत एकही आदिवासी मूल नाही. मग त्यांचा इतिहास शिकवायचा कशाला, आणि सुरुवात कुठून करायची?"

एकही नाही, हे पटावरून ठरवलंत? पवार, काळे, भोसले ही आडनावं फासे लावून शिकार करणाऱ्या फासेपारधी या आदिवासी जमातीतही असतात.

सुरुवातीचा प्रश्न मात्र रास्त आहे. ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, पिसं खोचून नाच बसवला की मुलांच्या हाती पोशाख तेवढा लागतो. त्यापेक्षा नवीन राजवाड्यावर सहल जातेच, तिथल्या पेंढा भरलेल्या वाघासमोर थांबा. हा रानात कुठं आहे, हे शिकाऱ्याला सांगितलं कुणी? हाकारे कुणी घातले? मुलं "शिपायांनी" म्हणतात. मग रानात जनावरांचा माग काढणाऱ्या फासेपारध्यांकडे वळा. शाहू महाराजांनी त्यांना काम दिलं, आसरा दिला. ब्रिटिशांचा १८७१ चा कायदा मात्र अख्ख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवत होता. संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड यांच्यामागेही हजेरी, म्हणजे रोज सरकारी माणसापुढे हजर राहण्याची सक्ती, होती. महाराजांनी ती १९१८ मध्ये बंद केली.

महाराजांचं कौतुक झालं की बहुतेकांचा तास इथंच संपतो. पाच मिनिटं अजून घ्या. रोज हजेरी लावायची तर परगावच्या लग्नाला जायचं कसं? मुलांना हे झटकन कळतं, हजेरी त्यांच्याही पाचवीला पुजलेली. तो गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. "म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी?" हा हिशेब मुलंच करतात.

(पारधी अनुसूचित जमातीत, रामोशी-बेरड विमुक्त, म्हणजे गुन्हेगारीच्या शिक्क्यातून सुटलेल्या, जातींत. सगळ्यांची एकच मोट बांधू नका.)

झारखंडच्या मुंडा आदिवासींचे नेते बिरसा मुंडा शिकवताना आधी आपल्या जिल्ह्यातला सामानगड घ्या. वतनावर गदा आली म्हणून आपल्या गडकऱ्यांनी, म्हणजे किल्ला राखणाऱ्या वतनदार शिबंदीनं, १८४४ मध्ये बंड केलं, हे इथल्या मुलांना परकं वाटत नाही. मुंडांनी रान तोडून कसलेली सामाईक जमीन जमीनदारांच्या घशात गेली, हे मग सांगावंच लागत नाही इतकं सोपं होतं. बिरसा १९०० मध्ये रांचीच्या तुरुंगात वारले. आदिवासींच्या जमिनी राखण्यासाठीचा छोटानागपूरचा कुळकायदा आला १९०८ मध्ये.

आणि वर्गात पारध्याचं मूल आहे हे ठाऊक असेल, तर त्याला उभं करून "सांग रे, तुमच्यात काय असतं?" एवढं मात्र विचारू नका.